सी-फेसिंग, वर्धा रोड

मिहानच्या पुढं, टोलनाक्याच्या अलीकडं
डाव्या हाताला निळा बोर्ड लागते:
मरीना एन्क्लेव्ह. खाली बारीक अक्षरांत,
आता समुद्र तुमच्या उंबरठ्याशी.
ऑटोवाले हसतात. हसू दे.

समुद्र म्हणजे साडेचार एकरांचा खड्डा,
त्यात काळं प्लास्टिक, त्यावर निळी फरशी,
काठावर कन्हानची चाळून आणलेली रेती.
नारळ राजमुंद्रीहून आले, ट्रकमध्ये आडवे,
मुळांना ओलं गोणपाट बांधून;
एकशे दहा आले, त्रेसष्ट जगले.
दीपगृह आहे. त्यात पाण्याची टाकी आहे.
आणि लाटा म्हणजे मी:
कवडू तितरमारे, आयटीआय फिटर, पंपरूम.

सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते नऊ,
हिरवं बटण दाबलं की अकरा सेकंदाला एक.
रविवारी मोठी.
घरी बारसं असलं तर जास्तीच्या लाटांसाठी
आठ दिवस आधी अर्ज.

लोक चांगले आहेत.
ए-विंगमध्ये दातांचे डॉक्टर गिरडकर,
त्यांच्या बाल्कनीत दुर्बीण, तिच्यातून बी-विंग दिसते.
पेन्टहाऊसात कोळसावाले बियाणी,
त्यांनी होडी घेतली; ती पोर्चमध्ये, कव्हर घालून.
रो-हाऊसच्या पडोळेबाई रोज विचारतात,
"कवडू, आज पाणी हिरवट काऊन आहे?"
मी म्हणतो, "मॅडम, मूड आहे त्याचा."
मे महिन्यात पारा सेहेचाळीसच्या वर गेला
की समुद्र रोज चार बोटं उतरते,
मग रात्री दोनला मागच्या गेटातून टँकर येतात,
दिवे बंद करून,
दुसऱ्या बाईच्या घरून परतल्यासारखे.

सी-विंगच्या तळमजल्यावर मस्कारेसाहेब.
सावनेरचा माणूस, एकतीस वर्षं जहाजाच्या इंजिनाशी.
इथले सगळे गोवा पाहून आलेले,
मिठानं कातडी सोललेला हा एकच.
लाटा सुरू झाल्या की खुर्ची फिरवून
भिंतीकडं तोंड करून बसायचे.

मागच्या एप्रिलात रात्री पंपरूमवर आले, अनवाणी.
म्हणाले, "कुमुदला झोप नाही. गोळ्यांनीही नाही.
मी तिकडं असताना ती इतवारीतच होती.
बंदरावरून फोन लावायचो, तीन मिनिटांचा,
दोन मिनिटं बोलायचो
आणि शेवटचं मिनिट रिसीव्हर खिडकीबाहेर धरायचो.
आता विचारते, तसा आवाज काऊन येत नाही?"
मी म्हटलं, "साहेब, मशीन चांगलं चालून राहिलं."
"तेच तर," म्हणाले. "समुद्र मोजून येत नाही, बाबू."

मग त्यांनी शिकवलं.
दोन लहान. थांब.
अजून थांब, माणूस विसरून जाईल इतकं.
आता एक, पोटातून.
मग तीन, एकमेकींच्या पायात पाय घालत.
ऑटोवरून मॅन्युअल. हात व्हॉल्व्हवर.
सव्वातीन ते चार.
हात सुजला, पण ते उठले नाहीत तोवर
मीही सोडला नाही.

सकाळी रजिस्टरात चार तक्रारी:
लाटा अनियमित. झोपमोड. कुत्रा घाबरला.
मेंटेनन्स कशाचा भरतो आम्ही?
पाचवी नोंद पडोळेबाईंची, हिरव्या शाईनं:
रात्री रेतीवरून कोणी चालत आल्यासारखं वाटलं.
चौकशी करू नये.

सेक्रेटरीनं मेमो दिला. मी सही केली
आणि रात्री पुन्हा व्हॉल्व्ह धरला.

कुमुदबाई जूनपर्यंत होत्या.
साहेबांनी आता फ्लॅट विकायला काढला आहे;
जाहिरातीचा मजकूर त्यांनीच लिहून दिला:
दोन बेडरूम, पार्किंग, सी-फेसिंग.
लिहिताना हसले नाहीत.

मी समुद्र पाहिला नाही अजून.
एकदा विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढलं होतं,
वेटिंगवरच राहिलं.
पण कधी कधी, संध्याकाळी, पोरं रेतीत असताना,
अकरावा सेकंद येते
आणि मी बारावाही जाऊ देतो.
पोरं वर पाहतात.